हाशिमोटो थायरॉइड: गोळी न चुकवताही टीएसएच वर-खाली का होतो? (आहार, पूरक गोळ्या, तपासण्या)

सोनटक्का | ४ जून, रात्री १०:२०

नमस्कार. थायरॉइडवरचे जुने धागे वाचले, पण माझा प्रश्न सुटला नाही, म्हणून नवा काढते आहे.

मी ३९ वर्षांची, सातारा जिल्ह्यात शाळेत शिकवते. वजन ५८ किलो. २०२१ मध्ये टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं मेंदूकडचं हार्मोन, थायरॉइड कमी पडला की हा आकडा चढतो) १८ आला, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) ६०० च्या पुढे. डॉक्टर म्हणाले हाशिमोटो, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटली आहे. गोळी ग्रंथीला बरं करत नाही, ग्रंथीला जे बनवणं जमत नाही ते बाहेरून पुरवते. लेव्होथायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, सहा महिन्यांत टीएसएच ३ वर आला आणि पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं.

गेल्या दोन वर्षांत मात्र काय बिनसलं ते कळत नाही. टीएसएच ६, मग ९.४. डोस १००, मग १२५. एकही दिवस गोळी चुकलेली नाही. पहाटे साडेपाचला गोळी, मग चहा, डबे, नाश्ता आणि सहा पन्नासची एसटी.

आणि गेल्या आठवड्यात टीएसएच एकदम ०.०८, फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) मर्यादेच्या वर! डोस जास्त होतोय, ७५ वर या, असा निरोप आला. पण मला पंख्याखाली गारठा वाटतो, पोट साफ होत नाही, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. शेवटच्या तासाला खुर्चीवर बसून शिकवावं लागतं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. डोस जास्त झाला की छातीत धडधडतं, हात थरथरतात, वजन उतरतं ना? यातलं काहीच होत नाही.

सोबत सल्ले चालूच आहेत. गहू सोड, कोबी-फ्लॉवर बंद कर, बाजरी नको, सैंधव आण, सेलेनियम घे, अश्वगंधा घे. यातलं खरं काय? सध्या चालू असलेल्या बाकी गोळ्या: कॅल्शियम-डी३, लोह, आणि केस फार गळतात म्हणून जानेवारीपासून एक केसांची गोळी.

मीठभाकर | ४ जून, रात्री १०:४८

अगदी माझीच कहाणी. वाचते आहे.

परीक्षानळी | ४ जून, रात्री ११:१५

सोनटक्का, डोस बदलण्याआधी एक काम करा. केसांच्या गोळीच्या पाकिटावर मागे बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) किती लिहिलंय ते बघून सांगा.

सोनटक्का | ५ जून, पहाटे ५:५०

बायोटिन १० मिलिग्रॅम. रक्त द्यायला गेले त्या सकाळीही घेतली होती.

परीक्षानळी | ५ जून, दुपारी १:३०

वाटलंच. मी गेली चौदा वर्षं लॅबमध्ये काम करतो. थायरॉइडच्या बऱ्याच किटमध्ये बायोटिनचाच वापर चिकटवण्यासाठी केलेला असतो. रक्तातला टीएसएच पकडणारं प्रतिपिंड बायोटिनच्या आधाराने नळीतल्या पृष्ठभागाला धरून बसतं. तुमच्या रक्तातच बायोटिनचा पूर आला असेल तर ते सगळ्या जागा अडवतं, पकडलेला टीएसएच धुऊन जातो आणि मशीन म्हणतं, टीएसएच नाहीच. फ्री टी-४ मोजायची पद्धत उलटी असल्यामुळे तिथे आकडा खोटाच वर जातो. दोन्ही मिळून डोस जास्त झाल्याचं हुबेहूब चित्र तयार होतं, प्रत्यक्षात पेशंटचा थायरॉइड कमीच असतो. सगळ्या मशीनवर हे होत नाही, पण कोणत्या लॅबमध्ये कोणतं मशीन आहे हे पेशंटला कुठून कळणार?

आपल्याला दिवसाला जेमतेम ३० मायक्रोग्रॅम बायोटिन लागतं. तुमच्या गोळीत १० हजार मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, तो मुख्यतः हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीसाठी. तिथे आकडा खोटा कमी आला तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून सांगतो, रक्त देताना चालू असलेली प्रत्येक गोळी सांगा, दुकानातून स्वतः आणलेली सुद्धा. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद हवं. तुमचा डोस मोठा आहे, तेव्हा आठवडाभर थांबून, डॉक्टरांना सांगून टेस्ट पुन्हा करा.

आणखी एक. शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी रक्त द्या. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असतो. एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी तीनला दिलेल्या रक्ताची तुलना करून काळजी करत बसू नका. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

कडुनिंब | ५ जून, रात्री ९:४०

परीक्षानळी यांना पूर्ण अनुमोदन. मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. इथे कुणाचा डोस ठरवणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण तुमचा ०.०८ खोटा निघाला तरी त्याआधीच्या ९.४ चं कोडं उरतंच.

साधा हिशेब बघा. ग्रंथी जवळजवळ बंद पडली असेल तर लेव्होथायरॉक्सिनची गरज वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम असते. ५८ किलोला ९३ होतात. तुम्ही १२५ घेऊनही थकलेल्या आहात, म्हणजे गोळी पोटात जाते, रक्तात पोचत नाही. मधे कोण अडवतंय? गोळीनंतर चहा किती वेळाने घेता? कॅल्शियम आणि लोह कधी? पित्ताची गोळी चालू आहे का?

सोनटक्का | ५ जून, रात्री १०:०५

चहा पाच-दहा मिनिटांत. कॅल्शियम आणि लोह सव्वासहाच्या नाश्त्याबरोबर, नाहीतर शाळेत विसरते. पित्ताची गोळी नाही. ही दोन्ही औषधं दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली. हे लिहितानाच लक्षात आलं!

कडुनिंब | ५ जून, रात्री १०:३५

सापडलं बहुतेक. कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, मग ते शोषलं जात नाही. दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवं. गोळी साध्या पाण्याबरोबर, उपाशी पोटी, नंतर तीस ते साठ मिनिटं काही नाही. चहा-कॉफी, दूध आणि सोयाबीन याच यादीतले. पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनीही शोषण घटतं.

सकाळची धावपळ असेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेणं हाही चांगला मार्ग आहे. डॉक्टरांशी बोलून घ्या. वेळ कोणतीही चालेल, ती रोज तीच हवी.

कॅल्शियम दुपारच्या जेवणात घ्या. लोह संध्याकाळी पाचला, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब. कॅल्शियम आणि चहा लोहालाही अडवतात, त्यामुळे दोन वर्षं घेतलेलं लोहही अंगी लागलं नसणार. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ करून घ्या. लोह कमी असेल तर टीएसएच नीट असूनही माणूस थकलेलाच राहतो, केसही गळतात. थायरॉइड पेरॉक्सिडेज, म्हणजे ज्याच्या विरुद्ध तुमची टीपीओ प्रतिपिंडं आहेत ते एन्झाइम, त्यालाही काम करायला लोह लागतं.

आणि घाई करू नका. या औषधाचं रक्तातलं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं औषध उतरायला लागणारा वेळ, सुमारे सात दिवसांचं आहे. बदलाचा खरा आकडा सहा ते आठ आठवड्यांनी दिसतो.

सह्यवाट | ६ जून, सकाळी ८:१०

सगळं ठीक, पण मूळ कारणाकडे कुणी बघत नाही. मी दीड वर्षापूर्वी गहू पूर्ण सोडला. अँटी-टीपीओ १३०० वरून ४०० वर आलं. ज्वारी आणि तांदळावर आहे, खूप हलकं वाटतं. सोनटक्का, महिनाभर करून तर बघा.

कडुनिंब | ६ जून, दुपारी २:२०

सह्यवाट, तुम्हाला बरं वाटतंय याचा आनंद आहे आणि ज्वारीची भाकरी कुणालाही चांगलीच. पण प्रतिपिंडांचा आकडा थायरॉक्सिन चालू असताना वर्षागणिक आपोआपही उतरतो, तेव्हा श्रेय गव्हाचंच असं म्हणता येणार नाही. तो ४०० झाला म्हणून गोळीचा डोस बदलतो असंही नाही. निदानासाठी अँटी-टीपीओ एकदा करावं, दर तीन महिन्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत. रिव्हर्स टी-३ या थायरॉइडच्याच आणखी एका तपासणीचंही तेच.

गहू सोडण्याआधी मात्र एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. हाशिमोटो असणाऱ्यांमध्ये सीलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) इतरांपेक्षा जास्त आढळतो. त्यात गहू खरोखरच आयुष्यभर सोडावा लागतो. त्याची रक्ततपासणी, टीटीजी-आयजीए, गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू सोडला तर ती निगेटिव्ह येते आणि आजार असूनही कळत नाही.

कृष्णाकाठ | ६ जून, संध्याकाळी ७:००

हे आमच्याच घरात घडलंय. माझी आत्तेबहीण, वजन ५० किलो, डोस वाढत वाढत १७५ वर गेला. हिमोग्लोबिन ८ च्या वर जाईना, इंजेक्शनं झाली. सगळे तिलाच बोलायचे की तू गोळ्या नीट घेत नाहीस. ती रडायची. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी करायला लावली, मग दुर्बिणीने तपासणी, आणि सीलिअॅक निघाला. गहू बंद केल्यावर आठ महिन्यांत डोस १०० वर आला आणि हिमोग्लोबिन ११.५. म्हणजे सह्यवाट यांचं म्हणणं तिच्यापुरतं खरं, पण ते तपासून कळलं. ज्यांचा डोस वजनाच्या मानाने फार मोठा आहे त्यांनी हे नक्की विचारावं.

सह्यवाट | ६ जून, रात्री ९:१५

मी तपासणी न करताच गहू सोडला. आता करायची तर काही आठवडे परत खावा लागेल ना? डॉक्टरांना विचारतो. धन्यवाद कृष्णाकाठ, बहिणीला माझा नमस्कार.

मीठभाकर | ७ जून, सकाळी ११:३०

मिठाचं कुणी सांगेल का? जाऊबाईंनी घरातलं सगळं मीठ बदलून सैंधव आणलंय, "आयोडीनने थायरॉइड बिघडतो" म्हणून. आणि बाजरी? आमच्याकडे संक्रांतीपासून होळीपर्यंत बाजरीच असते.

परदेशी_पाखरू | ७ जून, दुपारी ३:४५

मिठावर मी लिहिते, कारण मी राहते फुकुओकाला. ज्यांचं नाव या आजाराला आहे ते हाकारू हाशिमोटो इथल्याच क्युशू विद्यापीठात शिकले. १९१२ मध्ये त्यांनी चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथी तपासून जर्मन भाषेत लेख लिहिला. त्या ग्रंथी लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींनी भरलेल्या होत्या. शरीर स्वतःवरच उलटतं हे मात्र १९५६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडं शोधली तेव्हा कळलं. हाशिमोटोंना स्वतःला ते कळलं नाही, ते १९३४ मध्येच वारले. मला याची नेहमी हळहळ वाटते.

तर आयोडीन. जपानी स्वयंपाकात कोंबू नावाचं समुद्री शेवाळ उकळून पाणी काढतात, त्यात आयोडीन प्रचंड असतं. आधीच दुखावलेल्या ग्रंथीला इतकं आयोडीन पेलत नाही, ती काम थांबवते. कोंबू बंद केल्यावर टीएसएच आपोआप खाली आलेले पेशंट इथल्या डॉक्टरांना माहीत आहेत. म्हणून थायरॉइडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या केल्पच्या, म्हणजे शेवाळाच्या गोळ्या हाशिमोटोमध्ये अजिबात घेऊ नका.

पण मीठ वेगळं. भारतात घरापर्यंत पोचणाऱ्या मिठात निदान १५ पीपीएम आयोडीन असावं लागतं, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. दिवसाला ८-१० ग्रॅम मीठ खाल्लं तर १२० ते १५० होतात. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० च आहे. हा पूर नव्हे. सैंधवात नावापुरतंच आयोडीन असतं.

कडुनिंब | ७ जून, रात्री १०:१०

सुंदर लिहिलंत. यात आपल्याकडचा इतिहास जोडतो, कारण तो विसरला जातोय. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन कमी पडलं तर गळ्याला गाठ तर येतेच, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. मीठभाकर, घरात तरुण मुली-सुना असतील तर आयोडीनचं मीठ बंद करू नका. हे मी हात जोडून सांगतो.

बाजरीत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात हे खरं आहे, सुदानमध्ये त्यावर बराच अभ्यास झाला. पण तिथे आयोडीनही कमी आणि रोजचं मुख्य अन्न बाजरीच. आयोडीनचं मीठ असेल तर थंडीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी खुशाल खा. कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात चालतात. रोज सकाळी कच्च्या कोबीचा रस पिऊ नये, इतकंच.

सेलेनियमबद्दल कुणी विचारलं होतं. थायरॉइडला ते लागतं, टी-४ चं टी-३, म्हणजे शरीरात प्रत्यक्ष काम करणारं हार्मोन, करणारी एन्झाइमं त्यावरच चालतात. रोज २०० मायक्रोग्रॅम दिल्यावर टीपीओ प्रतिपिंडं उतरतात असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं, पण त्याने गोळी कमी होते किंवा थकवा जातो असं सिद्ध झालेलं नाही. गरज ५५ च्या आसपास, ४०० च्या वर धोका. जास्त झालं तर केस गळतात, नखं तुटतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. लोक ते थायरॉइडचं लक्षण समजून आणखी सेलेनियम घेतात! ब्राझील नटच्या एकेका दाण्यातच ५० ते ९० मायक्रोग्रॅम भरू शकतं, तेव्हा मूठभर खाऊ नका. अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत. गोळी चालू असताना स्वतःच्या मनाने नको, गरोदरपणात मुळीच नको.

अंजनवेल | ८ जून, सकाळी ९:००

माझी आई ७६ वर्षांची, टीएसएच ६.२, टी-४ नॉर्मल. गोळी सुरू करायची का?

कडुनिंब | ८ जून, दुपारी १:५०

वयानुसार टीएसएच थोडा चढतोच. २०१७ मध्ये ६५ वर्षांपुढच्या ७३७ जणांवरची एक मोठी युरोपीय चाचणी प्रसिद्ध झाली. अशा सौम्य वाढीत गोळी दिल्याने थकवा किंवा इतर त्रास कमी झाला नाही. उलट या वयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, मग डॉक्टरांशी बोला.

सोनटक्का | १४ जून, रात्री ९:३०

केसांची गोळी ५ तारखेला बंद केली. १३ ला सकाळी सातला त्याच लॅबमध्ये रक्त दिलं. टीएसएच ५.६, फ्री टी-४ खालच्या मर्यादेला टेकलेला. म्हणजे ७५ वर आले असते तर काय झालं असतं! डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट आणि गोळीचं पाकीट दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, डोस १२५ च ठेवला. फेरिटिन ८, बी-१२ १६०. दोन वर्षं रोज लोह घेऊनही ८. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली आहेत.

नवी वेळ: पाच वाजता गोळी, सहाला चहा. कॅल्शियमची डबी शाळेच्या कपाटात ठेवली आहे. लोह शाळा सुटल्यावर.

सोनटक्का | ८ ऑगस्ट, रात्री ८:४५

आठ आठवडे झाले. टीएसएच ०.३, आणि हा खरा आहे. आता १२५ खरोखरच जास्त होतोय, म्हणून डॉक्टरांनी १०० केला. फेरिटिन २१, अजून लांबचा पल्ला आहे. केस गळणं थांबलेलं नाही. पण पोटऱ्यांतले गोळे गेले आणि या आठवड्यात शेवटचा तास रोज उभं राहून घेतला. परीक्षानळी, कडुनिंब, तुमचे उपकार कसे फेडू?

परीक्षानळी | ८ ऑगस्ट, रात्री ९:१०

फार आनंद झाला. पुढची टेस्ट सहा-आठ आठवड्यांनी, तिथेच, सकाळी सातलाच.

पहाटवारा | ९ ऑगस्ट, सकाळी ७:०५

पूर्ण धागा रात्री वाचला. मला २०१९ पासून हाशिमोटो, १०० ची गोळी, मार्चमध्ये टीएसएच ३.८. आत्ता घरच्या चाचणीवर दोन रेषा आल्या आहेत! डॉक्टरांची वेळ २१ तारखेची मिळाली आहे. तोवर गोळी तशीच चालू ठेवू ना?

कडुनिंब | ९ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मनापासून अभिनंदन. पण २१ पर्यंत थांबू नका. पहिले साधारण बारा आठवडे बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतं आणि तुमची गरज पाव ते निम्म्याने वाढते, तीही अगदी सुरुवातीपासून. अशा वेळी आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्याव्यात असं मार्गदर्शक तत्त्वांत आहे, पण तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. टीएसएच आजच करा. तो २.५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, आणि गरोदरपणाचे निम्मे दिवस होईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासायचा.

सोनटक्का | ९ ऑगस्ट, सकाळी ७:२२

अगं, आधी फोन लाव. केसांची गोळी वगैरे घेत असशील तर तेही सांग.

पहाटवारा | ९ ऑगस्ट, सकाळी ११:४०

फोन लागला. बुधवार आणि रविवारी दोन-दोन गोळ्या घ्यायला सांगितल्या. बायोटिन नाही. रक्त देऊन आले. आईने बदाम-दूध करून ठेवलं होतं, ते गोळीनंतर तासाभराने प्यायले.

पहाटवारा | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५५

टीएसएच ४.९. डॉक्टरीणबाईंनी आता रोज १२५ सांगितली आहे. ६ सप्टेंबरला पुन्हा रक्त.